जपानच्या डोंगरी गावांतला वसंत आणि तुमचा कॅमेरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिनशू आणि हिदा हे मध्य जपानचे दोन जुने डोंगरी मुलूख. आजच्या नकाशात ते नागानो आणि गिफू या प्रांतांत येतात. तीन वेगवेगळ्या वर्षी, एप्रिल ते मेअखेर, मी तिथे कॅमेरा घेऊन हिंडले आहे. ओळखीचं कुणी तिकडे निघालं की फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं. तोक्यो-क्योतोबद्दल इथे काही सापडणार नाही.

नेमकं कधी जावं?

तारीख विचारण्याआधी उंची विचारा. दर शंभर मीटर चढलं की हवा साधारण ०.६ अंशांनी गार होते आणि वसंत तेवढा मागे रेंगाळतो. तोक्योत साकुरा, म्हणजे तिथली चेरी, मार्चअखेरीस फुलतो. मात्सुमोतो आणि ताकायामा ही गावं सहाशे मीटरच्या आसपास आहेत, तिथे फुलोरा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा मध्याला. हाकुबा सातशे मीटरवर, बर्फाच्या अगदी पायथ्याशी, तिथे एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडतो. शिराकावा-गो उंचीने पाचशेच मीटर, पण हिवाळ्यात बर्फ इतका साठतो की तिथेही एप्रिलची अखेर होते. १५०० मीटरवरच्या कामिकोचीत मेच्या सुरुवातीलाही झाडं बोडकी असतात.

शहरांत दिसणारा साकुरा बहुतेक करून सोमेइ-योशिनो जातीचा. ही सगळी झाडं कलमं आहेत, आपल्या हापूससारखी, म्हणजे मुळात एकाच झाडाच्या प्रती. त्यामुळे एका परिसरातली सगळी एकदम फुलतात आणि आठवडाभरात एकदम झडतात. डोंगरात मात्र रानटी यामाझाकुरा आणि दीर्घायुषी एदोहिगान अधूनमधून भेटतात. त्यांचं प्रत्येक झाड आपल्या मर्जीने फुलतं, यामाझाकुरा तर कोवळ्या तांबूस पालवीसकट. डोंगराच्या उतारावर दहा जागी दहा वेगळे गुलाबी ठिपके दिसतात ते हेच. मला शहरातल्या सलग फुलोऱ्यापेक्षा हे ठिपके जास्त आवडतात.

फुलं हवी असतील तर १२ ते २६ एप्रिल हा पंधरवडा मी निवडेन. भातशेतीतली प्रतिबिंबं हवी असतील तर ८ ते २२ मे. या दोन्हींच्या मधे, २९ एप्रिल ते ५ मे, तिथली सुट्ट्यांची जत्रा असते. खोल्या मिळत नाहीत, रस्ते तुंबतात. ते दिवस टाळता आले तर टाळाच.

मी पोचेपर्यंत फुलं गळून गेली तर?

वर चढा. मात्सुमोतोत उशीर झाला असेल तर ओइतो मार्गाच्या गाडीने हाकुबाकडे निघा. सकाळी गळालेली फुलं पाहिलीत आणि दुपारी कळ्या पाहिल्यात, असं एका दिवसात होऊ शकतं.

शिवाय साकुरा म्हणजे सगळा वसंत नव्हे. चिकुमा गावाच्या मोरी भागात एप्रिलच्या सुरुवातीला जर्दाळूची अख्खी दरी फुलते. दक्षिण नागानोतल्या आचि गावात पीच फुलतो, एकाच झाडावर पांढरा, गुलाबी आणि लाल. ही पीचची झाडं १९२२ मध्ये जर्मनीहून आणलेल्या तीन रोपांपासून पसरली, आणि आणणारे फुकुझावा मोमोसुके हे किसो नदीवर वीजघरं बांधणारे उद्योजक होते. त्यांचंच नाव मिरवणारा लाकडी झुलता पूल नागिसोत आजही उभा आहे. मेच्या सुरुवातीला इइयामात चिकुमा नदीकाठी मोहरीवर्गातली नोझावाना फुलते. आपल्याकडच्या हिवाळी मोहरीच्या शेतासारखाच पिवळा जर्द रंग, फक्त पाठीमागे बर्फाचे डोंगर. आणि बर्फ वितळून जिथे पाणथळ जागा होते तिथे मिझुबाशो उगवतं. त्याच्या पांढऱ्या द्रोणासारख्या पानाने आतल्या फुलाला कवेत घेतलेलं असतं. ते टिपायला गुडघे टेकावे लागतात आणि गुडघे ओले होतात.

गळालेल्या पाकळ्याही सोडू नका. पाटाच्या पाण्यावर त्या एका बाजूला जमतात, त्याला तिथे हाना-इकादा म्हणतात, म्हणजे फुलांचा तराफा. संथ शटरवर त्या तराफ्याच्या वळणदार रेघा उमटतात.

पहाटे किती वाजता उठायचं?

इथे आपला अंदाज हमखास चुकतो. एप्रिलच्या शेवटी तिथे पाचच्या आधीच उजाडतं, मेमध्ये तर साडेचारच्या सुमाराला. पुण्या-मुंबईच्या सवयीने सहाला बाहेर पडलात तर कोवळं ऊन संपलेलं असेल. साडेतीनचा गजर लावा.

उठायलाच हवं, याला कारण भूगोल आहे. उत्तर आल्प्स म्हणजे हिदा पर्वतरांग मात्सुमोतोजवळचं आझुमिनो आणि हाकुबा यांच्या पश्चिमेला आहे. सकाळचा सूर्य समोरून थेट बर्फावर पडतो. आधी सर्वांत उंच सुळका गुलाबी होतो, मग तो रंग मिनिटामिनिटाला खाली उतरतो, आणि सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. दुपारनंतर ऊन डोंगरांच्या पाठीशी जातं आणि तेच डोंगर निळसर आणि सपाट दिसतात. वसंतात दुपारी हवेत धूसरपणाही असतो. जपानी लोक त्याला हारु-गासुमि म्हणतात, वसंताचं धुकं. शिवाय काही दिवस चीन-मंगोलियाच्या वाळवंटातून पिवळी धूळ येते. अशा दिवशी दूरच्या डोंगरांचा नाद सोडून जवळचं काही बघा : ओलं शेवाळ, दगडी पाट, गवती छपराची कड.

डोंगर शेतात उलटा दिसतो तो फोटो कसा मिळतो?

पहिल्या वर्षी मला वाटलं, जागा शोधली की झालं. मग कळलं की जागेपेक्षा दिवस महत्त्वाचा. नांगरलेल्या खाचरात आधी पाणी सोडतात. मग चिखलणी होते, तेव्हा पाणी गढूळ असतं आणि त्यात काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवस गाळ खाली बसला की खाचर आरशासारखं होतं. लावणी झाल्यावरही रोपं कोवळी असेपर्यंत दोनेक आठवडे आरसा टिकतो, आणि हिरव्या टोकांच्या ओळींमधून डोंगर दिसतो. मला तोच फोटो सर्वांत प्रिय आहे. त्यात डोंगर आहे आणि माणसाच्या हाताची ओळही आहे.

हे वेळापत्रक शेतकऱ्यांना पूर्वी डोंगरच सांगायचा. बर्फ वितळताना काळा खडक आणि उरलेला पांढरा बर्फ यांतून आकार तयार होतात, त्यांना युकिगाता म्हणतात. शिरोउमा शिखराजवळ खडकाचा घोडा उघडा पडला की चिखलणीला लागायचं. शिरोउमा या नावाचं मूळच चिखलणीच्या घोड्यात असल्याचं सांगतात. चोगादाके या नावातलं चो म्हणजे फुलपाखरू, तिथे बर्फाचं पांढरं फुलपाखरू उमटतं. जोनेनदाकेवर भिक्षू दिसतो, जीइगादाकेवर बी पेरणारा म्हातारा. आझुमिनोतल्या एका न्याहारीच्या दुकानात मला मालकीणबाईंनी खिडकीतून बोटाने फुलपाखरू दाखवलं. आधी दोन सकाळी त्याच डोंगराचे शंभर फोटो काढले होते आणि ते मला दिसलं नव्हतं. आता तिथे पोचले की आधी नुसत्या डोळ्यांनी आकार शोधते, कॅमेरा मग.

तांत्रिक गोष्टी थोड्याच. वारा सुटायच्या आत, म्हणजे सकाळी आठच्या आधी, काम उरका. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ न्याल तितकं प्रतिबिंब मोठं दिसेल. प्रतिबिंब खऱ्या डोंगरापेक्षा थोडं काळोखं येतं ते तसंच राहू द्या. दोन्ही सारखे उजळ केलेत तर चित्र खोटं वाटतं.

शेताच्या बांधावर ट्रायपॉड लावला तर चालतो का?

नाही. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण मी स्वतः ही चूक केली आहे.

लावणीआधी बांधाच्या आतल्या कडेला ओल्या चिखलाचा गिलावा करतात. मोठ्या शेतात आता ते काम यंत्र करतं, पण डोंगरउतारावरच्या छोट्या खाचरांत कुदळीच्या पाठीनेच चिखल थापून गुळगुळीत करतात. ताजा बांध शेणाने सारवलेल्या ओट्यासारखा दिसतो, काळा आणि चकचकीत. खाचरातलं पाणी पाझरून खालच्या शेतात जाऊ नये म्हणून ही सगळी मेहनत. माझ्या ट्रायपॉडचा एक पाय त्यात चांगला चार बोटं रुतला. थोड्या वेळाने लांब रबरी बूट घातलेले एक आजोबा आले. काही बोलले नाहीत. मी ट्रायपॉड उचलल्यावर भोकातून पाण्याची बारीक धार लागलेली त्यांनी मला दाखवली, कुदळीने चिखल ओढला, पाठीने तीन वेळा थापला, आणि रस्त्याकडे हात केला, तिथून काढ म्हणून. मी रस्त्यावरून काढला. डोंगर तेवढाच छान आला.

कोकणात किंवा मावळात ज्यांची भातशेती आहे त्यांना हे सांगायची गरज नाही. मेरेवर कुणी परका उभा राहिला तर घरच्यांच्या पोटात कसं होतं ते त्यांना ठाऊक आहे. पण शहरातून आलेल्या आपल्यासारख्यांना बांध म्हणजे पायवाट वाटते. होक्काइदोतल्या बिएइ गावात एका शेतातलं सुप्रसिद्ध एकांडं झाड २०१६ मध्ये शेतमालकाने तोडून टाकलं. झाड म्हातारं झालं होतंच, पण फोटोसाठी लोक शेतात घुसायचे याचा त्याला वीट आला होता. फुजि डोंगराजवळच्या कावागुचिकोत २०२४ च्या मे महिन्यात एका दुकानासमोरचा देखावा झाकायला काळी जाळी उभारावी लागली. या गोष्टी वाचून मला लाज वाटते, आणि तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला मी त्या सांगते.

डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर उभे राहा, ट्रॅक्टरची वाट मोकळी ठेवा, गाडी वळणावर उभी करू नका. ‘ताचिइरि किन्शि’ म्हणजे आत यायला मनाई आणि ‘सात्सुएइ किन्शि’ म्हणजे फोटो काढायला मनाई. या पाट्यांची अक्षरं जाण्याआधी एकदा डोळ्यांखालून घाला.

शिराकावा-गो फार गर्दीचं झालंय म्हणतात. जावं का?

जावं, पण मुक्कामाला. दिवसाच्या बसगाड्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला गेल्या की ओगिमाचीची ती वस्ती पुन्हा गाव होते. चुलीचा धूर, पाटाचा आवाज, कुणीतरी अंगण झाडतंय. गवती छपराच्या जुन्या घरांत घरगुती मुक्कामाची सोय असते, पण खूप आधी ठरवावी लागते.

ही घरं गाश्शो-झुकुरी पद्धतीची. गाश्शो म्हणजे जोडलेले हात, छपराचा उतार नमस्काराच्या हातांसारखा. १९९५ मध्ये शिराकावा-गो आणि शेजारच्या गोकायामातली वाडीवस्ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. फोटो काढणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी : जवळपास सगळ्या घरांचे आढे उत्तर-दक्षिण आहेत, म्हणजे छपराची एक बाजू पूर्वेला आणि दुसरी पश्चिमेला. दोन्हीकडे आळीपाळीने ऊन लागून गवत वाळावं आणि दरीतल्या वाऱ्याला घराची अरुंद बाजू मिळावी हा हेतू. वरचं दर्शनस्थळ, जुन्या किल्ल्याच्या जागेवरचं, गावाच्या उत्तरेला आहे, आणि तिथून तुम्ही दक्षिणेकडे बघता. त्यामुळे भरदुपारी सूर्य समोर येतो आणि सगळं फिकट पडतं. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन एका बाजूने तिरपं येतं, एक उतार उजळतो, दुसरा सावलीत जातो, आणि घरांना घडीव रूप येतं.

छपराजवळ जाऊन बघा. आतल्या लाकडांचा वरचा सांगाडा दोराने आणि पिळलेल्या कोवळ्या फांद्यांनी बांधलेला असतो, खिळा नाही. माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. तीस-चाळीस वर्षांनी छप्पर शाकारायची वेळ येते आणि शे-दोनशे माणसं लागतात. गावकरी ते एकमेकांसाठी करतात, त्याला युइ म्हणतात. आपल्याकडे सावड किंवा इर्जिक जसं. नशिबाने शाकारणी चालू दिसली तर देखावा विसरा आणि माणसांचे हात टिपा, अर्थात विचारून.

गर्दी अगदीच सोसत नसेल तर तोयामा प्रांतातल्या गोकायामातल्या आइनोकुराला जा. वीसेक घरं, मागे सुगीचं दाट रान. हे सुगी म्हणजे जपानी देवदार. त्यांच्या परागांनी मार्च-एप्रिलमध्ये निम्मा जपान शिंकत असतो, तेव्हा सर्दीचा त्रास असेल तर मास्क न्या.

किसो दरीतली जुनी वाट कॅमेऱ्यासाठी कशी आहे?

मागोमे ते त्सुमागो, सुमारे ८ किलोमीटर, सावकाश तीन तास. जुन्या काळी एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, क्योतोशी जोडणाऱ्या नाकासेन्दो मार्गाचा हा तुकडा. मी त्सुमागोत राहायचा सल्ला देते. १९७१ मध्ये तिथल्या रहिवाशांनी आपसांत ठरवलं की घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ मध्ये सरकारने जुन्या वस्त्या म्हणून जपायची जी पहिली ठिकाणं निवडली त्यांत त्सुमागो होतं. मुख्य गल्लीत डोक्यावर तारा नाहीत, दिवसा गाड्यांना मज्जाव. फोटोतून तार पुसायचा उद्योग वाचतो.

ही गल्ली ओली असताना सर्वांत सुंदर. पाऊस पडला म्हणून खोलीत बसू नका. लाकडी भिंती काळ्या होतात, कंदिलांचा पिवळा उजेड दगडांवर पसरतो. संध्याकाळी सूर्य मावळल्यावरची वीस मिनिटं, आभाळ गडद निळं आणि खिडक्या पिवळ्या, ही वेळ चुकवू नका.

एक-दोन म्हातारी झाडं सांगा, जिथे वेळ घालवावा.

गिफूतल्या नेओ दरीतला उसुझुमि-झाकुरा. वय दीड हजार वर्षांहून जास्त सांगतात, १९२२ पासून राष्ट्रीय निसर्ग-स्मारक. कळी गुलाबी, उमललेलं फूल पांढरं आणि गळताना फिकट शाईसारखं करडं. उसुझुमि म्हणजे फिकट शाई. १९४९ मध्ये झाड मरायला टेकलं तेव्हा एका दंतवैद्याने त्याच्या मुळांना २३८ कोवळी मुळं जोडली आणि झाड तगलं. फांद्यांना आता टेकू आहेत. पुष्कळ लोक टेकू दिसू नयेत म्हणून धडपडतात. मला ते टेकू फोटोत हवेच असतात.

दुसरं ठिकाण शोकावाचं. शिराकावा-गोहून दक्षिणेला १५६ क्रमांकाच्या रस्त्याने गेलं की मिबोरो धरणाचा जलाशय लागतो, आणि काठावर दोन थोराड साकुरा. धरणाखाली जाणाऱ्या दोन देवळांच्या अंगणांतली ही झाडं. गाव बुडणार हे ठरल्यावर धरण बांधणाऱ्या कंपनीचे पहिले प्रमुख ताकासाकि तात्सुनोसुके यांनी ती वाचवायचं मनावर घेतलं, आणि १९६० मध्ये एवढाली झाडं मुळांसकट वर डोंगरावर नेऊन लावली. एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला ती फुलतात, आणि खाली पाण्यात त्यांचं गाव आहे. कोयना किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांची घरं गेली त्यांच्यापैकी कुणी तिथे उभं राहिलं तर फार बोलावं लागणार नाही. फोटोत झाडाबरोबर पाणीही घ्या.

फुलं आणि बर्फ राखाडी का येतात?

कॅमेरा सगळ्या पांढऱ्याला मध्यम करडं समजतो म्हणून. फुलोरा भरगच्च असेल तर एक्स्पोजर +०.७ ते +१, बर्फाला +१ ते +१.७. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख बघा, उजवी कड कापली गेली नाही ना. मळभ असेल तर पांढऱ्या आभाळावर पांढरी फुलं हरवतात, तेव्हा आभाळ चौकटीबाहेर काढा आणि मागे सुगीचं काळं-हिरवं रान किंवा देवळाचं छप्पर येईल अशा जागी सरका. दोन पावलांत काम होतं.

सीपीएल फिल्टर घ्यावा का?

घ्या. सीपीएल म्हणजे लेन्सवर फिरवायचा, चकाकी कापणारा पोलरायझर. ओली पानं, शेवाळ आणि झरे यांवरची चकाकी निघून खरा रंग येतो. पण भाताच्या खाचरासमोर काढून ठेवा. चुकीच्या बाजूला फिरला तर ज्यासाठी आलात ते प्रतिबिंबच पुसलं जाईल. खूप रुंद लेन्सवर निळं आभाळ एका बाजूला गडद, दुसरीकडे फिकट येतं, तेही सांभाळा.

कोणत्या लेन्स न्याव्या? फोन पुरेल का?

दोन पुरेत : २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटर. नवीन माणूस डोंगर म्हणून रुंद लेन्स लावतो आणि समोरची तीन हजार मीटरची रांग फोटोत ठेंगणी होते. गावापासून लांब जाऊन लांब लेन्सने काढा, घराच्या मागे डोंगर उभा राहतो. फोनवरही हेच : दुहेरी किंवा तिहेरी झूमचा खरा कॅमेरा असेल तर तो वापरा, चिमटीने मोठं करू नका. सकाळच्या उजेडात फोन सुंदर काम करतो.

ड्रोन?

घरी ठेवा. २०२२ च्या जूनपासून १०० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोनची तिथे सरकारी नोंदणी सक्तीची आहे, वर जागोजागी वेगळे नियम. गवती छपरांच्या वस्तीवर बॅटरीवरचं यंत्र उडवणं मला तरी पटत नाही. ती गावं आगीला इतकी भितात की उघड्यावर सिगारेट ओढायलाही मज्जाव असतो.

माणसांचे फोटो काढलेले चालतात का?

विचारून. ‘शाशिन तोत्ते मो ई देस का?’ एवढं पाठ करा, म्हणजे ‘फोटो काढला तर चालेल का?’ किंचित वाकून विचारा. बहुतेक जण हसून हो म्हणतात, काही हाताने नको म्हणतात. नको म्हटलं की ‘सुमिमासेन’, म्हणजे माफ करा, म्हणून कॅमेरा खाली. मुलांचे चेहरे टाळाच. ताकायामात १४ आणि १५ एप्रिलला वसंतोत्सवाचे रथ निघतात, हिदा-फुरुकावात १९ आणि २० ला उत्सव, त्यात १९ च्या रात्री ढोल. अशा वेळी चालतं, तरी कुणाच्या तोंडासमोर लेन्स नेऊ नये.

थंडी, पाऊस, बॅटरी?

एप्रिलच्या पहाटे शून्याच्या जवळ जातं, बर्फही पडू शकतो. बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून जास्तीची एक आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. बाहेरून गरम खोलीत येताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून तासभर तसाच राहू द्या, नाहीतर लेन्सवर आतून दहिवर बसतं. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. तिथे वीज १०० व्होल्ट आणि सॉकेट दोन चपट्या पट्ट्यांचं, आपला गोल पिनांचा प्लग बसत नाही. अडॅप्टर मुंबईतूनच घ्या.

अस्वलांचं खरं आहे का?

खरं आहे. एप्रिलमध्ये काळी अस्वलं झोपेतून उठून भुकेली हिंडतात. मागोमे-त्सुमागो वाटेवर ठिकठिकाणी घंटा टांगल्या आहेत, जाताना वाजवायच्या. बॅगेला लावायची छोटी घंटा दुकानात मिळते. पहाटे एकटं रानात शिरू नका, गावाच्या कडेवरून काढा.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

कठीण आहे, अशक्य नाही. मुख्य अडचण दाशि, म्हणजे माशाचा रस्सा. तो जवळजवळ सगळ्यात असतो, सोबा या शेवयांबरोबरच्या बुडवायच्या आमटीतसुद्धा. मुक्काम ठरवतानाच स्पष्ट कळवा. किसोत काठीवर भाजलेला भाताचा गोहेइ-मोची मिळतो, वर अक्रोड आणि मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण. नागानोत भाजी भरलेली ओयाकि. आणि वसंतात सान्साइ, म्हणजे रानभाज्या : तारानोमेचे कोंब, कोगोमिचे गुंडाळलेले नेचे, कडू फुकिनोतो, यांची तळलेली भजी. आपल्याकडच्या पावसाळी रानभाज्यांची चटक असेल तर ही चव लगेच पटेल. गावांत दुकानं लवकर मिटतात, पहाटेसाठी खाऊ आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

रेल्वे की गाडी?

गावं जोडायला रेल्वे आणि बस, पण पहाटेच्या फोटोंसाठी दोन-तीन दिवस गाडी. तिथेही डावीकडूनच चालवतात, आणि भारतात मिळणारा १९४९ च्या जिनिव्हा कराराचा आंतरराष्ट्रीय परवाना चालतो. एप्रिलमध्ये घाटात बर्फ असू शकतो, बर्फाचे टायर मागून घ्या. सगळ्या देशाचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून ५०,००० वर गेला. फक्त डोंगरात फिरणार असाल तर तो परवडत नाही, सुटी तिकिटं काढा. ताकायामाहून शिराकावा-गोला बस साधारण ५० मिनिटांत नेते. कामिकोचीत खासगी गाड्यांना बंदी आहे, सावान्दो किंवा हिरायुहून बस घ्यावी लागते.

तातेयामाची बर्फाची भिंत वसंतात बघायला मिळते का?

मिळते. तातेयामा हे तोयामा प्रांतातले डोंगर; तिथला डोंगरी मार्ग एप्रिलच्या मध्याला उघडतो. त्या मार्गावरचं मुरोदो २४५० मीटरवर आहे, तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेला बर्फ काही वर्षी २० मीटरपर्यंत उंच असतो. भिंत फोटोत एकटी घेतलीत तर उंची कळत नाही, खाली चालणारी माणसं येऊ द्या. काळा चष्मा लागतोच.

ओबासुतेत प्रत्येक खाचरात एकेक चंद्र दिसतो म्हणे. तसा फोटो कसा काढायचा?

ओबासुते हे चिकुमातलं टप्प्याटप्प्यांच्या भातशेतीचं गाव. स्टेशनवरूनच खाली पसरलेल्या दरीचा देखावा दिसतो. तिथल्या चंद्राला ‘तागोतो नो त्सुकि’ म्हणतात, खाचरागणिक चंद्र. १९९९ मध्ये या शेतीला राष्ट्रीय निसर्गरम्य स्थळाचा दर्जा मिळाला. लावणी मेच्या शेवटी, तेव्हा पौर्णिमेच्या आसपास जा.

एका चौकटीत सगळ्या खाचरांत चंद्र मात्र येत नाही. सगळ्या खाचरांचं पाणी सपाट आणि एकमेकांना समांतर असतं, त्यामुळे एका जागी उभ्या माणसाला प्रतिबिंब एकाच दिशेला, एकाच खाचरात दिसतं. शंभर चंद्रांचे जे फोटो फिरतात ते जोडकाम असतं. मी पहिल्या रात्री तासभर उंची बदलत, लेन्स बदलत बसले होते. मग ट्रायपॉड मिटला आणि रस्त्याने खाली चालू लागले. बेडकांचा एवढा गलका होता की माझ्याच पावलांचा आवाज येईना. दहा पावलं गेले आणि चंद्र बांधाशी आला, बांधाच्या मातीत क्षणभर दिसेनासा झाला, आणि पुढच्या खाचरात उतरला. खालच्या वळणापर्यंत तो असाच बरोबर येत राहिला.